वाजणारा पत्रा

मस्कतला अझैबातल्या आमच्या घरात आवाज करायला बंदी होती. तशी काही पाटी लावलेली नव्हती, पण बाबा घरात असले की आई मिक्सरसुद्धा बाल्कनीत नेऊन लावायची. बाबांचा धंदाच तसा. गाला नावाच्या कारखान्यांच्या भागात त्यांचं एसीच्या डक्टचं वर्कशॉप होतं. नाव अर्बाबचं, म्हणजे ओमानी मालकाचं, चालवायचे बाबा. पत्रा कापायचा, वाकवायचा, त्याचे चौकोनी बोगदे करायचे आणि ते लोकांच्या छतात असे बसवायचे की गार हवा यावी पण हूं की चूं ऐकू येऊ नये. "हवा काय, कोणीपण आणील गो," बाबा म्हणायचे, "आवाज न आणणं हे काम." लांज्याजवळच्या आमच्या गावातून विशीत मस्कतला आलेला हा माणूस जन्मभर आवाज मारत आला होता, आणि देवाने त्याच्या पोटी नेमकं मला घातलं. मला स्टीलचा डबा दिसला की वाजवल्याशिवाय चैन पडायचं नाही.

कुणाकडे जेवायला गेलं की बाबांचं अर्धं लक्ष ताटात आणि अर्धं छताकडे. सुरमईचा तुकडा हातात धरून मध्येच थांबायचे, मान वाकडी करायचे आणि यजमानांना सांगायचे, "तुमच्या डक्टमध्ये पत्रा फडफडतोय." आई टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय द्यायची. मला मात्र ती फडफड त्यांच्या आधी ऐकू आलेली असायची, आणि आवडलेलीही असायची. घरी आमच्या डोक्यावरून विमानं जायची, जुना विमानतळ जवळच होता. शुक्रवारची बांग व्हायची, खालच्या मजल्यावर कुणीतरी मसाला कुटायचं, आई घावण्यांचं पीठ तव्यावर ओतायची तेव्हा 'चर्र' व्हायचं आणि मी तो चर्र कुठल्या स्वरात आहे ते शोधत बसायची. मामाने भेट दिलेला कीबोर्ड होता माझ्याकडे. हेडफोन लावून त्यावर तो स्वर सापडला की मला इतका आनंद व्हायचा की काय सांगू.

अकरावीला सायन्स घेतलं, म्हणजे बाबांनी घेतलं आणि मी जाऊन बसले, त्या दिवशी तो कीबोर्ड खोक्यात जाऊन कपाटावर चढला. "बारावी होईस्तोवर खलास," बाबा म्हणाले. आईने माझी बाजू घ्यायचा प्रयत्न केला तर म्हणाले, "अगो, इंजिनीयर झाली की वाजव म्हणावं काय वाजवायचं ते." मी दोन दिवस जेवले नाही, तिसऱ्या दिवशी आईने सांदणं केली आणि माझा उपास सुटला. पण मनातून मी पेटले होते. ते खोकं खाली यायला हवं होतं, आणि तेही सुट्टीपुरतं नाही, कायमचं. त्या वर्षी मला जगात दुसरं काही नको होतं.

(वय जेमतेम तिशी ओलांडलेलं आणि आठवणी लिहायला बसलीस, म्हणून आई हसते. हसू दे. आता लंडनमध्ये माझ्या नावापुढे 'ब्रिटिश फिल्म कंपोझर' असं लिहितात, ते वाचून मलाच मागे वळून बघावंसं वाटतं की ही कोण बाई. पासपोर्ट ब्रिटिश आहे खरा, पण दुपारी चार वाजता पोटाला घावणेच हवे असतात. सुरुवात कुठे केलीत, असं कुणी विचारलं की मी 'गाला' म्हणते, आणि त्यांना वाटतं ही एखाद्या मोठ्या समारंभाबद्दल बोलतेय. हे मराठीसुद्धा आई फोनवर तपासून देते. आमच्या शाळेत सगळा कारभार इंग्रजीत, त्यामुळे माझं मराठी लंगडतं.)

तर झालं असं की आमच्या मागच्या गल्लीतल्या एका व्हिलात एक म्हातारा गोरा राहायला आला आणि त्याने एसीच्या आवाजाची तक्रार केली. घरमालकाने बाबांना बोलावलं. बाबांचं इंग्रजी 'यस सर, नो प्रॉब्लेम सर'च्या पुढे जात नसे, म्हणून शुक्रवारी सकाळी मला बरोबर घेतलं. आमच्याबरोबर रफीकचाचा होते, बाबांचे जुने फिटर, श्रीवर्धनकडचे. दार उघडलं ते मिस्टर वेदरबींनी. सत्तरीचा उंच माणूस, पायात रबरी चपला, चष्मा कपाळावर. बाबा छताकडे बघत आत शिरले आणि मी समोर बघत शिरले, तर हॉलमध्ये पडदे ओढलेले, एका मोठ्या पडद्यावर सिनेमा चाललेला, मुका, आणि समोर माझ्या कीबोर्डच्या दुप्पट लांबीचा कीबोर्ड. मी तिथेच खिळले. रफीकचाचांनी मागून शिडी आणली ती माझ्या पाठीला लागली तेव्हा हलले.

वेदरबी सिनेमांना संगीत द्यायचे. आपल्याकडे संगीत दिलं म्हणजे गाणी केली असं वाटतं, यांनी एकही गाणं केलं नव्हतं. माणूस जिना चढतोय, बाई पत्र वाचतेय, गाडी दरीत पडतेय, त्यामागे जे वाजतं ते यांचं. लहानपणी चर्चमध्ये पियानो, मग दुसऱ्यांच्या चाली वाद्यवृंदासाठी लिहून देणं, मग बिस्किटांच्या जाहिराती, टीव्हीवरच्या खुनाच्या मालिका, आणि मग एकदाचे सिनेमे. "चाळीस वर्षं लोकांना रडवतोय," ते मला नंतर म्हणाले, "पण रुमाल काढताना कुणाला माझं नाव आठवत नाही. तीच तर कामाची गंमत." मध्ये बरीच वर्षं त्यांचा फोन वाजलाच नव्हता. आता इथल्याच वाळवंटात घेतलेल्या एका सिनेमाचं काम मिळालं होतं, आणि जिथला सिनेमा तिथेच बसून संगीत करायचं हा त्यांचा जुना हट्ट, म्हणून मस्कत.

बाबांनी त्या दिवशी छत उघडलं, मशीन आणि डक्टच्या मध्ये कॅनव्हासचा तुकडा जोडला, आतून अस्तर लावलं आणि जिथे पत्रा थरथरत होता तिथे हाताने दाबून दाबून तो गप्प केला. संध्याकाळी एसी चालू केला तर काहीच ऐकू येईना. वेदरबी डोळे मिटून उभे राहिले. मग त्यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले की, अशी शांतता मला लंडनच्या स्टुडिओतही कमी वेळा मिळाली आहे. मी भाषांतर केलं. बाबा इतके खूश झाले की परत जाताना कारक चहा पाजला, तोही मोठा कप.

पण त्याआधी एक घडलं. आवाज गेला का ते बघायला वेदरबींनी सिनेमाचा एक तुकडा लावला. एक बाई पहाटे एकटी शेळीचं दूध काढतेय, मागे त्यांनी केलेलं हळवं व्हायोलिन. मी म्हणाले, "हे कशाला वाजतंय? ती एकटी आहे ना?" बाबांना तेवढं इंग्रजी समजलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता भरली आपली शंभरी. वेदरबींनी मात्र व्हायोलिन काढून टाकलं आणि तोच तुकडा पुन्हा लावला. दुधाची धार भांड्यात पडत होती, तेवढीच. "बरोबर," ते म्हणाले. मग बाबांकडे वळून म्हणाले, "हिला दर शुक्रवारी पाठवा. मला सोबत होईल, आणि हिला शिकवीन." बाबा हसून म्हणाले, "इन्शाल्ला, सर." माझा चेहरा पडला. मस्कतला वाढलेल्या पोरीला ठाऊक असतं, आपल्या बाबांचं 'इन्शाल्ला' म्हणजे 'विसरा आता'.

घरी मी आईला मध्ये घातलं. बाबा म्हणाले, "साहेब भला माणूस आहे. पण चाळीस वर्षं काम करून पडद्याआड राहिला, तेच हिचं करायचं का?" आई म्हणाली, "आणि तुम्ही काय, छताच्या आतच राहिलात ना?" बाबा ताटातला भात चिवडत राहिले.

मग वेदरबींचाच फोन आला. त्यांच्या सिनेमात वाळूचं वादळ होतं. ती बाई शेळ्या शोधत निघते आणि वादळ गाठतं. त्यासाठी त्यांना पत्रा हवा होता, दारापेक्षा मोठा, वर टांगायचा आणि खालून धरून हलवायचा, म्हणजे गडगडतो. जुन्या नाटकवाल्यांची युक्ती. "कॉम्प्युटरमध्ये माझ्याकडे पुष्कळ गडगडाट आहेत," ते म्हणाले, "पण ते सगळे दुसऱ्यांच्या सिनेमात वाजून आलेले." मी बाबांना सगळं नीट सांगितलं: टांगायचा, हलवायचा, गडगडाट करायचा. बाबा म्हणाले, "पत्राच ना? त्यात काय." मला हर्ष झाला. पत्रा चांगला झाला की साहेब खूश, साहेब खूश की बाबा खूश, आणि बाबा खूश असताना मी शुक्रवारचा विषय काढणार, असं माझं गणित.

बाबांनी तो पत्रा स्वतः केला, एकाही कारागिराला हात लावू दिला नाही. चारही कडा दुमडल्या, कुणाचा हात कापू नये म्हणून. मागे पट्टी मारली, लोंबू नये म्हणून. आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत क्रॉस मारला. डक्टच्या प्रत्येक पत्र्याला हा क्रॉस मारतात, दोन तिरप्या घड्या, त्याने पत्रा ताठ होतो आणि थरथरत नाही. माझ्या वर्कशॉपमधून नागडा पत्रा बाहेर जात नाही, असं बाबा अभिमानाने सांगायचे. पत्रा पिकअपमध्ये चढवताना रफीकचाचांनी नारळसुद्धा फोडला.

व्हिलात तो टांगला. वेदरबींनी खालची कड धरली आणि हलवली. 'ढप' झालं. पुन्हा हलवली. ढप. एखाद्याने गादीवर बुक्की मारावी तसा. बाबा छाती फुगवून उभे. म्हणाले, "बघा, किती मजबूत!" वेदरबी त्या पत्र्याच्या कडांवरून बोट फिरवत राहिले आणि म्हणाले, "मार्व्हलस. फारच सुंदर काम." तीन-तीनदा म्हणाले. इंग्रज माणूस तीनदा मार्व्हलस म्हणतो तेव्हा समजावं की पार वाट लागलेली आहे. मला तेव्हाच समजलं. बाबांना नाही समजलं. ते गाडीत चक्क गुणगुणायला लागले, आणि बाबा गुणगुणताना मी जन्मात ऐकले नव्हते.

हाच तो क्षण होता, विषय काढायचा. बाबा इतके खूश पुन्हा कधी सापडणार? गप्प बसले असते तर शुक्रवार बहुतेक मिळाला असता. पण वेदरबींचं वादळ मुकं राहिलं असतं, आणि तो ढप माझ्या कानातून जाईना. वर्कशॉपपाशी गाडी थांबली आणि मी बोलून टाकलं. "बाबा, तो पत्रा वाजत नाही."

"वाजत नाही म्हणजे?"

"त्यांना वाजणारा हवा होता. तुम्ही क्रॉस मारलात, पट्टी मारलीत. तो मेलाय बाबा."

शेजारी बसलेल्या रफीकचाचांनी कपाळाला हात लावला. "या अल्ला. शेठ, पोरगी खरं बोलते. सवय, दुसरं काय! हात आपले आपण चालले."

बाबांचे हात स्टीअरिंगवरच राहिले. आता ओरडतील, आता म्हणतील कीबोर्ड विकून टाक, असं मला वाटत होतं आणि रडू येत होतं. ते म्हणाले, "मग साहेब छान का म्हणाला?" मी म्हटलं, "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून." "आणि तू का सांगितलंस?" म्हटलं, "कारण तो वाजत नाही." बाबा खाली उतरले, शटर वर केलं आणि आत गेले. आतून हाक आली, "ये गो. कसा आवाज पाहिजे तो दाखव."

शुक्रवार दुपार, सगळं गाला बंद, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्या उकाड्यात आम्ही तिघांनी वर्कशॉपमधला एकेक पत्रा हुकाला टांगून हलवला. जाड पत्रा घंटेसारखा वाजायचा, पातळ नुसताच किणकिणायचा. मी मान हलवायची, रफीकचाचा उतरवायचे, दुसरा चढवायचे, "यल्ला, पुढचा." बाबा आधी कानावर हात ठेवून उभे होते. थोड्या वेळाने एक हात खाली आला. मग दुसरा. मग ते म्हणाले, "थांबा," आणि मागच्या बाजूला गेले, जिथे रिजेक्ट माल पडलेला असायचा. तिथून धुळीने भरलेला एक लांबलचक पत्रा ओढत आणला. एका ऑफिसच्या कामातला, इन्स्पेक्टरने परत पाठवलेला. क्रॉस मारायचा राहून गेला होता आणि छतात तो इतका घुमायचा की खालचे लोक घाबरायचे. "याच्यासाठी शिव्या खाल्ल्या मी," बाबा म्हणाले.

टांगला. मी कड धरली आणि अगदी हळू हलवली. आधी काहीच झालं नाही. मग लांबून कुठून तरी गुरगुर निघाली, वाढली, शेड भरून टाकली, माझ्या दातांपर्यंत आली. मी सोडला तरी तो बोलतच राहिला, आणि हळूहळू विझला. रफीकचाचा "सुभानल्ला" म्हणाले. बाबा कड बघायला पुढे आले, तिला बोट लावलं आणि म्हणाले, "एक सांगू? हा रिजेक्ट झाला तेव्हा मला वाईट वाटलं होतं." मग जरा लाजून म्हणाले, "परत हलव."

तो पत्रा तसाच गेला, नागडा. कडांना तेवढं बाबांनी रबर लावलं, त्याशिवाय त्यांना झोप लागली नसती. वेदरबींनी पहिल्यांदा हलवला आणि या खेपेला ते मार्व्हलस म्हणाले नाहीत, "ओ," म्हणाले, एकदाच, आणि खुर्चीत बसले. मग मला पुढे बोलावलं. पडद्यावर वादळ लागलं, ती बाई चालत होती, ओढणी तोंडावर. वेदरबींचा हात वर होता. तो खाली आला आणि मी पत्रा हलवला. विमान येतंय का ते बघायला त्यांनी रफीकचाचांना गच्चीवर उभं केलं होतं, आणि दोनदा चाचांनी वरून "सबर, सबर!" म्हणून ओरडून आमचं रेकॉर्डिंग थांबवलं. तिसऱ्या वेळेला साधलं. शेवटी वेदरबींनी मूठ मिटली, मी पत्रा दोन्ही हातांनी धरून गप्प केला, आणि पडद्यावर नुसती वाळू आणि ती बाई राहिली. बाबा भिंतीशी उभे होते. मला वाटलं पत्र्याबद्दल काही बोलतील. ते म्हणाले, "शेवटी गप्प केलंस ना, ते बेस झालं."

शुक्रवारचा विषय मी काढलाच नाही. हिंमत नव्हती. वेदरबींनी निघताना पुन्हा विचारलं आणि बाबा पुन्हा "इन्शाल्ला, सर" म्हणाले, आणि मी रस्ताभर गाडीच्या काचेला नाक लावून रडले.

पुढच्या आठवड्यात शाळेतून घरी आले तर स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरण्या, आमसुलांचे डबे आणि गावी न्यायच्या बॅगा यांचा ढीग. आई त्यात उभी, कमरेला पदर खोचून. "मला काही विचारू नकोस," ती म्हणाली, "माझी स्टोअररूम गेली." आत बाबा आणि रफीकचाचा गुडघ्यांवर बसलेले. त्या एवढ्याशा खोलीच्या चारही भिंतींना आणि छताला डक्टचं काळं अस्तर लावलेलं, दारालाही. कोपऱ्यातून एक बारका डक्ट आत आणलेला, त्यातून गार हवा येत होती आणि आवाज अजिबात नव्हता. मध्ये टेबल. टेबलावर माझा कीबोर्ड, खोक्याबाहेर, पुसलेला.

"आत काय गोंधळ घालायचा तो घाल," बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले. "शुक्रवारी साहेबांकडे जा. बारावी मात्र झाली पाहिजे. आणि बाहेर आवाज येता कामा नये, सांगून ठेवतो."

मी त्यांच्या गळ्यातच पडले. त्यांच्या शर्टाला गोंदाचा वास येत होता. ते "बास, बास, चिकटशील," म्हणाले.

त्या संध्याकाळी दार लावून मी दोन तास वाजवलं. हेडफोन न लावता, जन्मात पहिल्यांदा. तहान लागली म्हणून दार उघडलं, तर बाबा बाहेर जमिनीवर बसलेले, पाठ दाराच्या चौकटीला टेकलेली, हातात गार झालेला चहा. दचकून उठायला लागले. मी घाबरून विचारलं, "आवाज येतो का बाहेर?" त्यांनी दाराच्या खाली बोट दाखवलं. तिथे अस्तर संपत होतं आणि बोटभर फट राहिली होती. "एवढ्यातून येतो," ते म्हणाले. मी म्हटलं, "मग बुजवून टाका ना, पट्टी आहे अजून." बाबांनी फटीकडे बघितलं, चहाकडे बघितलं. "बघू. इन्शाल्ला," ते म्हणाले.

आम्ही ते घर सोडलं तेव्हा सगळं अस्तर त्यांनी स्वतः काढून भिंती आधीसारख्या करून दिल्या. तोपर्यंत ती फट तशीच होती.